कपड्यांना कीटकनाशक लावलं की गोचीड चावत नाही? व्हायरल रीलमागचं विज्ञान समजून घ्या

दोरीवर पँट, मोजे आणि बूट टांगलेत. एक जण स्प्रेच्या बाटलीने त्यांच्यावर औषध फवारतो, कपडे वाळवतो आणि तेच घालून जंगलात फिरायला जातो. परत आल्यावर कॅमेऱ्यासमोर पाय दाखवतो, अंगावर एकही गोचीड नाही.

अमेरिकेतल्या ट्रेकर्सचे असे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये आले असतील. त्याखाली आपल्याकडच्या लोकांचे दोनच प्रश्न असतात. एक, कीटकनाशक लावलेले कपडे अंगावर घालणं सुरक्षित आहे का? आणि दोन, आपल्या शेतीच्या दुकानातलं औषध मारलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकू. नाही, अजिबात चालणार नाही. का, ते पुढे येईलच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा सविस्तर आहे.

आधी गोचीड समजून घेऊ

गाई-म्हशींच्या किंवा कुत्र्याच्या अंगावर फुगलेली गोचीड आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. पण माणसाला जास्त धोका असतो तो गोचिडीच्या लहान अवस्थेपासून. अंड्यातून बाहेर आल्यावर ती अळी, मग पिल्लू म्हणजे निम्फ आणि शेवटी पूर्ण वाढलेली गोचीड होते. निम्फ जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावली तरी दुखत नाही, त्यामुळे बऱ्याचदा कळतही नाही.

गोचीड उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती गवताच्या टोकावर किंवा पालापाचोळ्यावर पुढचे पाय पसरून बसते. माणूस किंवा जनावर घासून गेलं की त्याला चिकटते आणि मग वर चढत जाते. म्हणजे तिच्या प्रवासाची सुरुवात बहुतेक वेळा आपल्या बुटापासून किंवा पँटच्या खालच्या भागापासून होते. कपड्यांना औषध लावण्याची सगळी कल्पना याच गोष्टीवर उभी आहे.

हे औषध कोणतं?

त्याचं नाव परमेथ्रिन. शेवंतीच्या कुळातल्या काही फुलांमध्ये कीटकांना मारणारं एक नैसर्गिक द्रव्य असतं. त्याची नक्कल करून प्रयोगशाळेत जी रसायनं तयार झाली, त्यांना पायरेथ्रॉइड म्हणतात. परमेथ्रिन हे त्यातलंच एक. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या गटाने ते १९७०च्या दशकात तयार केलं.

गोचीड परमेथ्रिन लावलेल्या कापडावर चढली की तिच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो. मज्जातंतूंमध्ये संदेश जाण्यासाठी सोडियमची छोटी दारं उघडतात आणि मिटतात. परमेथ्रिनमुळे ती दारं मिटतच नाहीत. गोचिडीचे पाय थरथरायला लागतात, पकड सुटते आणि ती खाली पडते. जास्त वेळ कापडावर राहिली तर मरते.

म्हणजे अंगाला लावायच्या ओडोमॉससारख्या क्रीमपेक्षा हे वेगळं आहे. क्रीम डासाला दूर ठेवते, तर परमेथ्रिन कपड्यावर आलेल्या गोचिडीला तिथेच निकामी करतं.

ही कल्पना आपल्याला नवीन आहे का?

तशी नाही. गडचिरोलीसारख्या मलेरियाग्रस्त जिल्ह्यात सरकारकडून ज्या कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या वाटल्या जातात, त्यांच्या धाग्यातही याच कुळातलं औषध असतं. आणि खरजेसाठी डॉक्टर जी ५ टक्के परमेथ्रिनची क्रीम लिहून देतात, ती तर थेट अंगालाच लावायची असते.

कपड्यांसाठी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर आधी सैन्याने केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० मध्ये सैनिकांच्या गणवेशासाठी परमेथ्रिनला मान्यता दिली. २००३ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी कारखान्यातच औषध लावून तयार झालेल्या कपड्यांना परवानगी मिळाली.

अमेरिकेत एवढी भीती कशाची?

लाइम आजाराची. कनेक्टिकट राज्यातल्या लाइम या गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजल्याचं लक्षात आलं आणि गावाचंच नाव आजाराला मिळालं. गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूमुळे हा आजार होतो. वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर सांधे, हृदय आणि मज्जातंतूंना त्रास होऊ शकतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या म्हणजे सीडीसीच्या अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमसाठी उपचार होतात.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स ही लाइमची नेहमीची राज्यं. मराठी कुटुंबंही इथे मोठ्या संख्येने राहतात. उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आई-बाबा घरामागच्या बागेत काम करतात, नातवंडांना घेऊन पार्कात फिरतात. गोचिडींचा जोरही याच दिवसांत असतो. त्यामुळे हा विषय फक्त ट्रेकर्सचा नाही.

मग कपड्यांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण १०० टक्के नाही. आणि कालांतराने तो कमी होत जातो.

उत्तर कॅरोलायना राज्यात बाहेर उघड्यावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. काहींना परमेथ्रिन लावलेले गणवेश दिले, काहींना औषध नसलेले. कोणाला कोणते मिळाले हे त्यांना सांगितलं नव्हतं. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. औषध लावलेल्या गणवेशामुळे पहिल्या वर्षी गोचीड चावण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या वर्षी मात्र हा फायदा ३४ टक्क्यांवर आला.

ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या अशाच चाचणीत पहिल्या वर्षी ६५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट दिसली.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. पहिली, वापर आणि धुलाई यांमुळे औषध उतरत जातं. दुसरी, या चाचण्यांमध्ये मोजले ते गोचिडीचे चावे, आजार नव्हे. चावे कमी झाले तर आजाराचा धोका कमी होईल हे तर्काला धरून आहे. पण ‘हे कपडे घातले की लाइम होणारच नाही’ असं कोणी सांगत असेल, तर ते चाचणीच्या पुढे जाऊन बोलत आहेत.

सगळ्यात जास्त फायदा कुठे होतो? पायात. ऱ्होड आयलंडमधल्या २०११च्या एका अभ्यासात औषध लावलेले बूट आणि मोजे घातलेल्यांना गोचीड चावण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ७४ पटींनी कमी दिसली. एकच गोष्ट करायची असेल तर बूट-मोज्यांपासून सुरुवात करा, असं तज्ज्ञ सांगतात ते याचमुळे.

अंगाला त्रास होत नाही का?

परमेथ्रिन त्वचेतून फार कमी शोषलं जातं. जे शरीरात जातं, ते यकृतात लवकर फोडलं जातं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने रोज असे कपडे घालणारे सैनिक, तसंच लहान मुलं यांच्यासाठीचा धोका तपासला आणि सूचनेप्रमाणे वापर केल्यास तो चिंतेचा नसल्याचं म्हटलं. काहींच्या त्वचेला खाज किंवा जळजळ होऊ शकते. तसं झालं तर वापर थांबवावा.

पण घरातल्या सगळ्यांसाठी ते सारखं सुरक्षित नाही. मांजरीचं शरीर परमेथ्रिन नीट फोडू शकत नाही. ओल्या औषधाचा स्पर्श मांजरीच्या जिवावर बेतू शकतो. कुत्र्यांसाठीचं गोचिडीचं औषध चुकून मांजरीला लावल्यामुळे विषबाधा होते, तीही याच कारणाने. मासे आणि मधमाश्यांसाठीही हे रसायन घातक आहे. त्यामुळे उरलेलं औषध गटारात, ओढ्यात किंवा तळ्यात ओतायचं नाही.

वापरायची पद्धत काय?

जिथे कपड्यांसाठीचं ०.५ टक्के परमेथ्रिन अधिकृतपणे मिळतं, तिथे साधारण पद्धत अशी आहे:

- फवारणी घराबाहेर, मोकळ्या हवेत आणि वाऱ्याची दिशा पाहून करायची.
- कपडे अंगावर असताना कधीच फवारायचं नाही. दोरीवर टांगून, दोन्ही बाजूंनी ओलसर होईपर्यंत फवारायचं.
- पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही.
- बूट, मोजे, पँट आणि शर्ट पुरेसे आहेत. आतल्या कपड्यांना लावायचं नाही.
- हे कपडे वेगळे धुवायचे, ड्रायक्लीन करायचे नाहीत.
- घरी केलेली फवारणी साधारण ६ आठवडे किंवा ६ धुलाया टिकते. कारखान्यात औषध लावलेले कपडे ७० धुलायांपर्यंत टिकतात, असं उत्पादक सांगतात.

हे औषध त्वचेवर लावायचं नाही. हात, मान अशा उघड्या भागासाठी अंगाला लावायचं वेगळं रिपेलंट वापरायचं.

शेतीचं औषध का चालत नाही?

‘कीटकनाशक ते कीटकनाशक, त्यात काय फरक’ असा विचार इथे महागात पडू शकतो. शेतीच्या बाटलीत औषधाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. त्यात मिसळलेली द्रावणं त्वचेवर लावण्याचा विचार करून निवडलेली नसतात. आणि कित्येक शेती औषधं पूर्णपणे वेगळ्या गटातली असतात, जी त्वचेतून थेट शरीरात जातात.

यवतमाळमध्ये २०१७ साली काय झालं ते आठवा. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. औषध अंगावर आणि कपड्यांवर उडणं किती घातक असतं, ते महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं आहे. रील पाहून तीच बाटली मुद्दाम कपड्यांवर रिकामी करणं म्हणजे गोचिडीपेक्षा मोठा धोका ओढवून घेणं.

आपल्याकडे लाइम फारसा आढळत नाही, मग काळजी कशाला?

कारण आपल्याकडे माकडताप आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसंही तापाने आजारी पडली. म्हणून याचं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. हा विषाणूमुळे होणारा आजार आहे आणि तो संसर्ग झालेली गोचीड चावल्याने होतो. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा परिसरात पोहोचला.

या आजाराचा काळ साधारण डिसेंबर ते मे. निम्फ याच काळात जास्त असतात. आणि नेमका हाच काळ काजूच्या हंगामाचा. काजू गोळा करणारी माणसं तासन्‌तास वाकून पातेऱ्यातून बोंडं वेचतात. लाकूडफाटा आणायला, पातेरा गोळा करायला जंगलात जाणं हेही रोजचंच. त्यांच्यासाठी गोचीड हा ट्रेकचा नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे.

माकडतापात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, प्रचंड अंगदुखी, उलट्या आणि काही जणांना रक्तस्राव होतो. साधारण ३ ते ५ टक्के रुग्ण दगावतात. त्यावर खास असं औषध नाही. जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने बंद झाली असून नव्या लशीवर काम सुरू आहे. म्हणजे गोचीड चावू न देणं हाच सध्याचा मुख्य उपाय.

मग परमेथ्रिनचे कपडे इथेही चालतील का? तत्त्व तेच आहे. पण वर दिलेले आकडे अमेरिकेतल्या गोचिडींचे, तिथल्या बूट-मोजे घालणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आहेत. अनवाणी किंवा चपला घालून, साडी खोचून काजू वेचणाऱ्या बाईला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. कर्नाटकात जंगलात जाणाऱ्यांना आरोग्य विभागाकडून अंगाला लावायचं डेपा तेल दिलं जातं. हे रिपेलंट डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने तयार केलं आहे.

आज, आत्ता काय करता येईल?

- रानात किंवा बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला. फिक्या रंगावर गोचीड पटकन दिसते.
- पँट मोज्यात खोचा.
- घरी आल्यावर कपडे लगेच गरम पाण्यात टाका आणि साबणाने आंघोळ करा.
- काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग, कानामागे आणि केसांत तपासा. लहान मुलांना तुम्ही तपासा.
- गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, मीठ किंवा विडीचा चटका देऊ नका. चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. बोटांनी चिरडू नका.
- मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वन विभागाला कळवा.
- जंगलातून आल्यावर पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘मी रानात गेलो होतो’ हे न विसरता सांगा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आहे आणि बऱ्याचदा तोच राहून जातो. ताप आला की आपण गोळी सांगतो, दिवस सांगतो, पण काजूच्या बागेत गेलो होतो हे सांगत नाही. डॉक्टरांना योग्य तपासणीकडे नेणारी माहिती मात्र तीच असते.