पोत्यातील ओलाव्याचे गणित : सोयाबीनचे घरचे बियाणे जूनपर्यंत कसे टिकते?

बुलडाणा : चिखली, मेहकर, लोणार या घाटावरील तालुक्यांत ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी आटोपली की बहुतेक माल बाजार समितीच्या वाटेला लागतो. काही पोती मात्र घरातच राहतात. ती विकण्यासाठी नसतात, पुढील जूनमध्ये पेरण्यासाठी असतात. एकरी ३० किलो या हिशेबाने पाच एकरांच्या शेतकऱ्यास दीड क्विंटल बियाणे राखावे लागते. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने एकदा घेतलेल्या प्रमाणित बियाण्यापासून तयार झालेला दाणा पुढील दोन-तीन हंगाम पेरता येतो. कपाशीच्या संकरित वाणांबाबत ही सोय नाही. तेथे दरवर्षी नवी थैली घ्यावीच लागते. घरच्या बियाण्याने मोठा खर्च वाचतो, पण त्यासाठी हा दाणा सुमारे आठ महिने जिवंत राहिला पाहिजे. त्याचे जगणे-मरणे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे दाण्यातील ओलावा.

या गणितात चूक झाली की काय होते, हे २०२० मध्ये दिसले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसात काढणीला आलेले सोयाबीन शेतातच भिजले. पुढील खरिपात विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी पेरलेले बी उगवलेच नाही. तक्रारी हजारोंच्या घरात गेल्या, दुबार पेरणीची वेळ आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्यात कंपन्यांच्या बियाण्याचा प्रश्न होता, तसाच हंगामाचाही होता. भिजून वाळलेला दाणा बाहेरून बरा दिसला, तरी त्याच्या आतील अंकुराचे आयुष्य घटलेले असते.

मुळात सोयाबीनचे बी नाजूक. गहू किंवा ज्वारीच्या तुलनेत त्याचे टरफल पातळ असते आणि भावी मूळ या टरफलाच्या अगदी खालीच असते. पोते उंचावरून आदळले, मळणी यंत्र वेगाने फिरले, तरी इजा होते. त्यासाठीच बियाण्याची मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास किंवा त्याहून कमी ठेवून करावी, असे सांगितले जाते. त्यातच दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल. तेल पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे दाण्यातील सर्व पाणी उरलेल्या भागात एकवटते. मोजणीत ओलावा कमी दिसला, तरी तो भाग प्रत्यक्षात अधिक ओला असतो. तेलबियांची सुरक्षित मर्यादा तृणधान्यांपेक्षा खाली असते, ती याच कारणाने.

साठवलेले बी निर्जीव नसते. ते संथपणे श्वास घेत असते. ओलावा वाढला की श्वसन वाढते, त्यातून उष्णता व आणखी पाणी निर्माण होते आणि बुरशीला आयते घर मिळते. जुन्या काळी धान्याचे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, ते याचमुळे. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपलेला असे आणि घाईने उतरलेली माणसे दगावल्याच्या घटना घडत. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी या साऱ्याचा एक ठोकताळा घालून दिला. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने घटला की त्याचे साठवण-आयुष्य साधारण दुप्पट होते; तापमान पाच अंशांनी घटले, तरी तेच. म्हणजे १४ टक्क्यांवरचा दाणा ११ टक्क्यांवर आणला, तर आयुष्य आठपट.

प्रमाणित बियाण्यासाठी ओलाव्याची कमाल मर्यादा १२ टक्के व उगवणक्षमतेची किमान मर्यादा ७० टक्के आहे. परंतु एकदा वाळवले आणि काम झाले, असे होत नाही. दाणा सतत हवेशी देवाणघेवाण करीत असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर सोयाबीन हळूहळू ९ ते १० टक्क्यांवर स्थिरावते; ७५ टक्के असेल, तर १३ च्या पुढे सरकते. सिगारचे शौकीन आपली लाकडी पेटी ७० टक्के आर्द्रतेच्या आसपास राखण्यासाठी धडपडतात, त्यामागील तत्त्व हेच. वस्तूचा ओलावा राखायचा, तर भोवतालची हवा राखावी लागते. फरक इतकाच की, सिगारला मानवणाऱ्या त्या हवेत बियाण्याने फार दिवस राहू नये.

बुलडाणा जिल्ह्यात ही हवा आठ महिन्यांत तीन रूपे घेते. हिवाळा बियाण्याला मानवतो. मे महिन्यात घाटाखालील खामगाव, शेगाव, मलकापूर भागात पारा ४० अंशांपलीकडे जातो. हवा कोरडी असली, तरी उष्णता आयुष्य खाते. पत्र्याच्या खोलीत हा मारा अधिक, जाड भिंतींच्या जुन्या माजघरात कमी. सर्वांत वाईट काळ मात्र जूनचा. आभाळ भरून येते, आर्द्रता चढते, पेरणीयोग्य ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मात्र पडत नाही. आधीच उन्हाने थकलेले बी पोत्यात ओलावा शोषत पडून राहते.

मग बियाणे हवाबंद प्लास्टिकमध्ये का भरू नये? हा प्रश्न शहरी वाचकाला साहजिक वाटेल. हवाबंद वेष्टनासाठी दाण्यातील ओलावा ७ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागतो. घरी तेवढे वाळवणे कठीण आणि अति वाळलेल्या सोयाबीनचे टरफल तडकते, डाळी सुट्या होतात, पेरल्यावर एकदम पाणी शोषून अंकुर इजा पावतो. ओलावा ११-१२ टक्के असताना प्लास्टिकचे तोंड बांधले, तर आतील दमटपणाला वाट मिळत नाही. साधे तागाचे पोतेच त्यापेक्षा बरे. वाळवण दुपारचे कडक ऊन टाळून, ताडपत्रीवर पातळ थरात करावी. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. एकावर एक पाचपेक्षा अधिक थर नकोत, अन्यथा खालचा दाणा दबून फुटतो. युरियाच्या गोण्या शेजारी ठेवण्याची सवय तर सोडलेलीच बरी. खत ओल ओढून घेते.

खोलीतील आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल मापक आता सहज मिळते, मात्र त्याचा आकडा तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी लापशीसारखे करावे आणि मापकासह बंद पिशवीत बारा तास ठेवावे. ओल्या मिठावरील हवा नेहमीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. मापकाने ७० दाखवले, तर ते पाचाने मागे आहे, असे समजावे.

खरी परीक्षा मात्र पेरणीपूर्वीची. सर्व पोत्यांतून थोडे थोडे बी काढून मिसळावे, त्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवावी. पाच ते सात दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. सत्तर वा अधिक असतील, तर एकरी ३० किलो पुरे. साठच आले, तर ३५ किलो लागेल. त्याहून खाली गेल्यास ते बी पेरणीतून काढून तेलासाठी विकणे परवडते. परंतु त्यावर बुरशीनाशक लावलेले असेल, तर विक्रीचीही वाट बंद होते. त्यामुळे बीजप्रक्रिया ही चाचणी झाल्यावर, पेरणीच्या तोंडावरच आणि लागेल तेवढ्याच बियाण्याला करावी.