सोळा, चौतीस, सत्तर

संपादकांनी यंत्रांवरची लेखमाला जाहीर केली तेव्हा चांगली यंत्रं चटकन संपली. एकाने गुऱ्हाळ घेतलं, एकीने इचलकरंजीचा माग, एकाने खिळे जुळवणारा छापखाना. मी फोन करेपर्यंत ‘कम्प्युटरमधलं काहीतरी’ एवढंच उरलं होतं. शब्दमर्यादा तीच, मानधन तेच. तुमच्या लेखाला फोटो मात्र मिळणार नाही, हेही वर ऐकून घेतलं.

म्हणून एका रविवारी कोथरूडला मावसबहिणीकडे गेलो. ती वीसेक वर्षं जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिते. “तू रोज वापरतेस पण कधी निरखून बघत नाहीस असं काहीतरी दाखव,” म्हटलं. तिने चहाचं आधण ठेवलं, लॅपटॉप ओट्यावरच उघडला आणि म्हणाली, “मग स्ट्रिंगबिल्डर बघ, दादा. आमचं एकही बिल त्याच्यातून गेल्याशिवाय छापून बाहेर पडत नाही.”

दिसायला ते यंत्र म्हणजे काहीच नाही. मेमरीत एका ओळीत मांडलेली घरं, त्यांत एकेक अक्षर, आणि सोबत दोन आकडे : एकूण घरं किती आणि त्यांतली भरलेली किती. प्रोग्रॅम बिल लिहायला घेतो. नाव आलं, टाकलं. स्वल्पविराम आला, टाकला. रक्कम आली, टाकली. मजकूर पुरा झाला की सगळा एकदम उचलून पुढे द्यायचा. हे यंत्र लागतं कशाला? तर जावातली तयार मजकुराची माळ, म्हणजे स्ट्रिंग, एकदा ओवली की तिच्यात कानामात्राही बदलता येत नाही. शेवटी एक अक्षर जोडायचं तरी अख्खी माळ नव्याने ओवावी लागते. हजार अक्षरं एकेक करून जोडली तर हजार माळा होतात, आणि त्यांतल्या नऊशे नव्व्याण्णव फेकायच्या.

जन्मकथा थोडक्यात उरकतो. १९९६ साली सन मायक्रोसिस्टिम्सने जावाची पहिली आवृत्ती काढली, तिच्यात याचा थोरला भाऊ स्ट्रिंगबफर होता. सोर्समध्ये लेखक म्हणून आर्थर व्हॅन हॉफ यांचं नाव आहे. त्या बफरच्या दाराला कुलूप होतं : दोन धाग्यांनी, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांनी, एकदम आत हात घालू नये म्हणून काहीही टाकताना दर वेळी लावायचं, काढायचं. बहुतेक स्वयंपाकघरांत एकच माणूस असतो हे लक्षात आल्यावर २००४ साली जावा ५ मध्ये कुलूप नसलेला धाकटा आला, तो स्ट्रिंगबिल्डर. त्यावर मायकेल मॅक्लॉस्की यांचं नाव आहे. खरं काम दोघांचा सामाईक पूर्वज करतो. त्याचा सोर्स ओपनजेडीके या जावाच्या खुल्या आवृत्तीत कुणालाही वाचता येतो. त्या रात्री मी तो वाचत बसलो आणि एका ओळीपाशी अडकलो.

बिल्डर नवा बनवला आणि काहीच सांगितलं नाही, तर त्याला सोळा घरं मिळतात. ‘महाराष्ट्र’ लिहिलं तर दहा लागतात, कारण कम्प्युटरच्या लेखी व्यंजन वेगळं, काना वेगळा, पाय मोडणारा हलन्तही वेगळा. आपल्या दृष्टीने ‘स्त्री’ हे एकच अक्षर. इथे त्याला सहा घरं. तेव्हा सोळा म्हणजे काही फार नव्हेत. सतरावं आलं की काय करायचं?

भिंत पाडून बाजूची खोली आत घ्यायची सोय नाही, तिथे दुसऱ्याचा संसार मांडलेला असू शकतो. तेव्हा बिऱ्हाड हलवायचं : कुठेतरी मोठी सलग जागा घ्यायची, सगळी अक्षरं तिकडे नेऊन ठेवायची आणि जुनी जागा सोडून द्यायची. सोडलेल्या जागा झाडायला गार्बेज कलेक्टर असतो, तो त्याच्या सवडीने येतो. प्रश्न एवढाच की नवी जागा केवढी घ्यायची.

आपण मध्यमवर्गीय माणसं. गरजेपुरतं वाढवा, आणखी सोळा घरं घ्या, असंच आपण म्हणू. हिशेब करून पाहिला. दहा लाख अक्षरांचा मजकूर सोळा-सोळाच्या वाढीने भरायचा तर बिऱ्हाड बासष्ट हजारांहून जास्त वेळा हलतं, आणि दर वेळी आधीचं सगळं सामान उचलावं लागतं. एकूण ने-आण होते सुमारे ३,१२५ कोटी अक्षरांची. या यंत्राची रीत उधळ्याची आहे : जागा संपली की दुप्पट घे आणि वर दोन. सोळाची चौतीस, चौतीसची सत्तर, मग १४२, २८६, ५७४, ११५०. दहा लाखांपर्यंत पोचायला सोळाच वेळा हलावं लागतं, आणि ने-आण होते जेमतेम पावणेबारा लाख अक्षरांची. म्हणजे सरासरीने प्रत्येक अक्षर एकदा, फार तर सव्वा वेळा उचललं गेलं. शेवटची स्थलांतरं प्रचंड असतात, पण प्रत्येकानंतरचा मुक्काम आधीच्या दुप्पट लांबतो. उधळ्या माणूस काटकसरी माणसाहून स्वस्तात राहतो, हे मला पचायला दोन दिवस लागले.

मी अडकलो ते त्या ‘वर दोन’पाशी. दुप्पट समजली; दोन कशाला? पहिला तर्क शून्याचा. बिल्डर शून्य घरांचाही मागता येतो आणि शून्याची दुप्पट शून्यच. दोनाची काठी दिली की शून्यही चालायला लागतं : दोन, सहा, चौदा, तीस. पण पुढची ओळ वाचली आणि तर्क लंगडा पडला. दुप्पट करूनही भागत नसेल तर गरज असेल तेवढी जागा घ्यायची, अशी सोय तिथे आहेच. शून्य तसंही अडकलं नसतं. सगळ्यात जुन्या स्ट्रिंगबफरमध्ये हेच गणित ‘एक मिळवा, मग दुप्पट करा’ असं लिहिलेलं आहे. ते वाचलं आणि मला शंभराचा आहेर एकशेएक करणारे आमचे आजोबा आठवले. तो एक हिशेबासाठी नसतो, पाकीट पुढे चालू राहावं म्हणून असतो. तसं काही व्हॅन हॉफ यांच्या मनात असणार नाही, पण कुलूप गेलं, पूर्वज बदलला, घरांचा आकार बदलला, आणि शकुनाचे दोन टिकले.

दुप्पट हे सगळीकडचं मत आहे असंही नाही. मायक्रोसॉफ्टची सी-प्लस-प्लस लायब्ररी दीडपटीने वाढते, जीसीसी कम्पायलरची दुपटीने. गिट या प्रसिद्ध साधनात आधी सोळा मिळवून मग दीडपट करतात. दीडवाल्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. दुप्पट करत गेलं तर आजवर सोडलेल्या सगळ्या जागा एकत्र केल्या तरी पुढची मागणी त्यांत बसत नाही. आपलेच आकडे घ्या : सोळा आणि चौतीस पन्नास, मागणी सत्तरची, पन्नास आणि सत्तर एकशेवीस, मागणी एकशेबेचाळीसची. मागचं घर कधीच परत कामी येत नाही. जावात गार्बेज कलेक्टर सामान सरकवून मोकळी जागा एकत्र करू शकतो, म्हणून तिथे हे दुखणं तेवढं जाणवत नाही.

एक गंमत सांगतो आणि मग रडगाण्याकडे वळतो. या यंत्रात मजकूर उलटा करायची सोय आहे. मी अर्थातच ‘राम’ लिहून उलटा केला. वाल्या कोळ्याच्या न्यायाने ‘मरा’ यायला हवं होतं, आलं ‘मार’. घरं उलटी झाली खरी, पण र, काना, म यांतला काना मधल्या घरात होता तिथेच राहिला आणि म च्या गळ्यात पडला. मग ‘मरा’ उलटून पाहिलं, तर बिचारा काना सगळ्यांच्या पुढे निराधार उभा. या यंत्रावर वाल्याचा वाल्मीकी झाला नसता.

आता दुखणी. ती बहिणीने दुसऱ्या रविवारी सांगितली, आणि तेव्हा तिचा आवाज चहा करताना होता तसा राहिला नव्हता.

तिच्याकडे एका पतसंस्थेचं काम होतं. महिनाअखेरीला सगळ्या खात्यांचे उतारे एकाच बिल्डरमध्ये जमवायचे आणि शेवटी फाइलमध्ये लिहायचे, अशी जुन्या कुणीतरी घातलेली पद्धत. मजकूर पंधरा कोटी अक्षरांच्या थोडा पुढे गेला होता, प्रोग्रॅमला ८०० एमबी मेमरी दिलेली, आणि ते चाललं होतं. एका महिन्यात मागणी आली : रकमेआधीचं इंग्रजी ‘आरएस’ काढा, रुपयाचं चिन्ह घाला. अर्ध्या तासाचं काम. त्या रात्री प्रोग्रॅम मेमरी संपल्याचं सांगून पडला.

“मी तीन दिवस लूप तपासत होते,” ती म्हणाली. “चूक लूपमध्ये नव्हती रे, ₹ मध्ये होती.”

२०१७ साली आलेल्या जावा ९ पासून या घरांचा आकार ठरलेला राहिला नाही. सगळी अक्षरं युनिकोडच्या पहिल्या २५६ मध्ये बसत असतील, तर प्रत्येकाला एकच बाइट. बाहेरचं एक जरी आलं की यंत्र लगेच फुगतं : सगळ्यांना दोन-दोन बाइट, आधी आलेल्यांनाही, नंतर येणाऱ्या प्रत्येक शून्याला आणि स्वल्पविरामालाही. सोर्समध्ये त्या क्रियेचं नावच ‘फुगवणे’ असं आहे. पौंड आणि येन त्या २५६ च्या कुंपणात आहेत. रुपयाचं चिन्ह भारत सरकारने २०१० साली स्वीकारलं, ते कुंपणाबाहेर. देवनागरी तर सगळीच बाहेर. युरोही बाहेर आहे हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

आणि दुप्पट म्हणजे नुसती दुप्पट नव्हे. बिऱ्हाड हलवताना काही क्षण दोन्ही घरांचं भाडं भरावं लागतं. १५,०९,९४,९४२ घरं भरली की ३०,१९,८९,८८६ घरं मागायची, आणि सामान हलेपर्यंत जुनी सोडता येत नाहीत. एका बाइटच्या हिशेबाने हा क्षण ४३२ एमबीचा होता, म्हणून निभावलं. दोन बाइटने तो ८६४ चा झाला. जावा ८ वर असतं तर पहिल्याच दिवशी पडलं असतं, कारण तिथे सरसकट दोन बाइट होते. नव्या आवृत्तीने दिलेली सवलत कुणाच्या ध्यानातही नव्हती, ती गेल्यावर कळली.

पुढे आणखी एक खड्डा होता. मजकूर पुरा झाला की तो स्ट्रिंग म्हणून बाहेर काढताना पुन्हा एक पूर्ण नक्कल होते. जावा १.४ पर्यंत बफर आणि स्ट्रिंग तीच घरं वाटून घेत. नक्कल वाचायची, पण चार अक्षरांची स्ट्रिंग कधी कधी हजार घरांचा वाडा अडवून बसायची. जावा ५ ने वाटणी बंद केली आणि नक्कल पत्करली. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांनी २०१० साली चौथ्या आवृत्तीत बिऱ्हाडच मोडलं : जास्तीत जास्त आठ हजार अक्षरांचे डबे, एकाला एक जोडलेले. जागा भरली की नवा डबा जोडायचा, जुन्याला हात लावायचा नाही. पण पन्नास लाखावं अक्षर कुठलं असं विचारलं की शेवटच्या डब्यापासून एकेक मागे चालत यावं लागतं.

या सगळ्याला एक छतही आहे. जावाच्या रांगेत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा जास्त घरं मावत नाहीत. घरं दोन बाइटची असली की अक्षरं त्याच्या निम्मी. मोजणारा आकडाही तेवढाच जातो. त्याच्या पुढे एक मिळवला की उणे होतो. म्हणून जावा ८ च्या सोर्समध्ये ‘गरज जागेहून मोठी आहे का’ असं सरळ विचारलेलं नाही. गरजेतून जागा वजा करून बाकी शून्याहून मोठी आहे का, असं विचारलं आहे. शाळेत दोन्ही एकच. पण गरजेचा आकडा उलटून उणे झालेला असेल तर सरळ प्रश्नाला ‘नाही’ उत्तर येतं आणि वजाबाकी पुन्हा उलटून ‘हो’ म्हणते. शेजारी टीप आहे, आकडा उलटण्याचं भान ठेवून लिहिलेला कोड अशा अर्थाची. ती नसती तर कुणा हुशार मुलाने ती ओळ ‘सुधारली’ असती.

“मग केलंस काय?” मी विचारलं. मेमरी वाढवून मागितली असेल असं मला वाटलं होतं.

तिने तो मोठा बिल्डर काढूनच टाकला. उताऱ्याची एक ओळ तयार झाली की ती लगेच फाइलकडे जाते. वाटेत जावाचाच बफर्डरायटर ८,१९२ अक्षरं साठवून एकदम ढकलतो. ओळ जुळवायला एक छोटा बिल्डर आहे, मुद्दाम सोळाचाच ठेवलेला. ओळ गेली की त्याची लांबी शून्य करायची आणि तीच घरं पुन्हा भरायची.

मी निघताना तिने सगळी खाती चालवून त्या छोट्याची एकूण घरं छापून दाखवली. सगळ्यात लांब ओळ एका सभासदाच्या पत्त्याची, दोनशे अक्षरांची, तुकड्यातुकड्याने जोडलेली. पडद्यावर आलं : २८६.