‘झोपणार’ आणि ‘झोपला’ : संगणकाच्या गाभ्यातील निद्राव्यवस्था

संगणकशास्त्राने रोजच्या भाषेतून जी क्रियापदे उचलली, त्यांत ‘झोपणे’ आणि ‘जागे करणे’ ही जोडी भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. येथे ती केवळ अलंकार म्हणून आलेली नाहीत. त्यांच्या काळांतील व प्रयोगांतील भेद ध्यानात घेतला नाही, तर यंत्र खरोखरीच अडून राहते.

एका संगणकावर एकाच वेळी शेकडो थ्रेड नांदत असतात. थ्रेड म्हणजे स्वतंत्रपणे पुढे सरकणारा आज्ञांचा एकेक ओघ. त्यांपैकी बहुतेकांना बहुतेक वेळ काहीच करावयाचे नसते. कोणी कळफलकावरील अक्षराची वाट पाहतो, कोणी तबकडीवरून यावयाच्या मजकुराची. ‘आले का, आले का’ असे विचारीत बसणारा थ्रेड प्रोसेसरचा वेळ व्यर्थ दवडील. म्हणून गाभा (‘कर्नल’ हा शब्द मराठीत सेनाधिकाऱ्याने आधीच अडवून ठेवला आहे) त्याचे नाव धावत्यांच्या यादीतून काढून प्रतीक्षायादीत घालतो. हीच त्याची निद्रा होय. अपेक्षित घटना घडली की नाव पुन्हा पहिल्या यादीत येते.

मराठीत ‘जागा झाला’ आणि ‘जागा केला’ हे दोन्ही प्रयोग रूढ आहेत. थ्रेडच्या बाबतीत मात्र दुसराच संभवतो. तो आपण होऊन झोपी जातो, पण आपण होऊन उठू शकत नाही. कारण उठावयाचे तर आज्ञा चालवावी लागेल, आणि झोपलेला आज्ञा चालवीत नाही. ठराविक वेळेनंतर उठावयाचे असले, तरी उठविणारे घड्याळच असते. साहजिकच उठविणाऱ्याची हाक एकदा वाया गेली, तर निद्रेला अंत राहत नाही.

हाक वाया कशी जाते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात रात्रपाळीचा हमाल मालमोटारीची वाट पाहत आहे, अशी कल्पना करू. तो आवारात डोकावतो. मोटार आलेली नाही. तो निजावयास वळतो. नेमक्या त्याच क्षणी मोटार येते. पहारेकरी ओसरीवर पाहतो, तो कोणी निजलेले नाही. अर्थात उठवावयाचेही कोणी नाही. तो फाटकावर परततो आणि हमाल आडवा होतो. आता मोटार दारात उभी, आणि हमाल तिचीच वाट पाहत झोपलेला! दोघांपैकी कोणीही कामचुकार नाही. पहारेकऱ्याच्या व्याकरणात ‘जागा’ आणि ‘झोपलेला’ अशा दोनच अवस्था आहेत. ‘झोपावयास निघालेला’ या तिसरीला तेथे स्थान नाही, एवढेच.

उपाय क्रमात आहे. हमालाने प्रथम पहारेकऱ्याच्या पाटीवर आपले नाव लिहावे, नंतर आवारात पाहावे, आणि मोटार नसेल तरच निजावे. मधल्या काळात मोटार आली, तर पहारेकरी ते नाव पुसील. आणि नाव पुसलेले दिसले, तर हमालाने पाठ टेकूच नये. पाटीवर अखेरची नजर टाकणे आणि पाठ टेकणे या दोहोंच्या दरम्यान मात्र पहारेकऱ्याचा हात पाटीला लागता कामा नये. गाभ्यात हे काम कुलपाकडे असते. लिनक्समध्ये हाच क्रम आढळतो. थ्रेड आधी स्वतःची अवस्था ‘झोपलेला’ अशी नोंदवितो, मग अट तपासतो, आणि शेवटी प्रोसेसर सोडतो. म्हणजे घटना घडण्यापूर्वीच तो भूतकाळ वापरतो! दरम्यान कोणी हाक दिली, तर अवस्था ‘धावण्यास सिद्ध’ अशी पालटते. मग प्रोसेसर सोडूनही त्याचे नाव यादीतून जात नाही.

उठल्यावरही लगेच कामाला लागणे धोक्याचे असते. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत स्मृतीतील एखाद्या पत्त्याच्या नावाने झोपत असत, आणि त्या नावाने हाक आली की तेथे झोपलेले सारेच उठत. हवी ती वस्तू पहिल्याने नेली, की उरलेल्यांना पुन्हा झोपणे भाग असे. म्हणून अट ‘जर’ने नव्हे, तर ‘जोपर्यंत’ने लिहावी लागते. विद्यार्थ्यांच्या आज्ञावलींत हा एक शब्द वारंवार चुकतो, आणि चूक महिनोन्महिने दिसत नाही, हे विशेष.

ही व्यवस्था आज्ञावलींनीच केली पाहिजे असे नाही. रांजणगावाहून सुमारे ५० किलोमीटरवर, पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याचे प्रोसेसर ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर होते. त्यांत निद्रा आणि जागृती खुद्द प्रोसेसरमध्येच घडविलेल्या होत्या. एकाच ट्रान्सप्यूटरवरील दोन कार्यांमध्ये निरोप जावयाचा, तर त्यांच्यामध्ये स्मृतीतील एक शब्द ‘चॅनल’ म्हणून असे. प्रथम येणारा, मग तो देणारा असो वा घेणारा, त्या शब्दात आपली ओळख ठेवून झोपी जाई. दुसरा येई, तेव्हा ती ओळख वाचून मजकुराची देवघेव होई, आणि पहिल्याचे नाव धावत्यांच्या रांगेच्या शेवटी लागे. पाहणे, नाव ठेवणे आणि झोपणे या तिन्ही क्रिया एकाच आज्ञेत उरकत असल्यामुळे, ‘झोपणार’ आणि ‘झोपला’ यांच्यामध्ये शिरावयास दुसऱ्या कार्याला जागाच नसे. निरोप दुसऱ्या ट्रान्सप्यूटरकडे जावयाचा असेल, तर दुव्यावरील स्वतंत्र यंत्रणा तो पोहोचविण्याचे काम पत्करी. पाठविणारे कार्य तेवढा वेळ झोपे, आणि प्रोसेसर दुसऱ्या कार्याकडे वळे.