कोंबड्यांच्या घरातील उजेड : अंदाज नको, मापन हवे

हिवाळ्यात अंडी कमी झाली की शेतकरी प्रथम खाद्यास किंवा रोगास दोष देतो. ही दोन्ही कारणे तपासणे योग्यच होय. परंतु उजेडाचे तिसरे कारण पुष्कळदा दृष्टीआड राहते. प्रकाश कोंबडीच्या डोळ्यांतून, तसेच कवटीतूनही, मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीस चालना मिळून अंडाशयाचे कार्य चालू राहते. दिवस लहान झाला की ही चालना मंदावते. महाराष्ट्रात जूनमधील दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरातील सुमारे ११ तासांचा असतो. अंड्यावरील कोंबडीस मात्र दिवसाचा व दिव्याचा मिळून १४ ते १६ तास प्रकाश मिळावा लागतो.

तथापि केवळ तास भरून भागत नाही. उजेड पुरेसाही असावा लागतो. मनुष्याचा डोळा मंद उजेडास लवकर सरावतो व अंधारा कोपराही त्यास उजळ भासतो. म्हणून प्रकाशमापक यंत्र वापरावे. प्रकाशाची तीव्रता 'लक्स' या एककात मोजतात. भर दुपारच्या उन्हात ती सुमारे १ लाख लक्स असते; अंड्यावरील कोंबड्यांस १० ते २० लक्स पुरतात. उजेड फार प्रखर झाल्यास कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात व टोचून जखमा करतात.

मापन अंधार पडल्यावर, सर्व दिवे लावून करावे. यंत्र कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर, त्याची काच वर करून धरावे; आपली सावली त्यावर पडू देऊ नये. दिव्याखाली, दोन दिव्यांच्या मध्ये, कोपऱ्यांत व खाद्याच्या भांड्यांजवळ अशा निरनिराळ्या जागी मापे घेऊन वहीत नोंदवावीत. उघड्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. यास्तव एका मोठ्या दिव्याऐवजी अनेक लहान दिवे समान अंतरावर लावणे हितावह ठरते. कोठे माप कमी आढळल्यास नवा दिवा घेण्यापूर्वी जुन्या दिव्यांवरील धूळ पुसून पुन्हा मोजावे. मोबाइल फोनवरील मापन केवळ दोन जागांची तुलना करण्यापुरते उपयोगी मानावे.

वाढीव उजेड शक्यतो पहाटे द्यावा, म्हणजे सायंकाळी नैसर्गिक संधिप्रकाशात कोंबड्या आपापल्या जागी बसतात. प्रकाशाचे तास एकदम न वाढविता दर आठवड्यास अर्ध्या तासाने वाढवावेत व अंडी चालू असताना ते कमी करू नयेत. तलंगांस मात्र वाढीच्या काळात वाढता उजेड देऊ नये. त्या वेळेपूर्वी अंड्यावर येतात व अंडी लहान राहतात.

प्रत्येक शेतकऱ्याने स्वतंत्र यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. गावातील कुक्कुटपालकांनी मिळून एक यंत्र घ्यावे आणि ग्रामसेवकांनी हिवाळ्यापूर्वी घरोघरी मापे घेण्यास साहाय्य करावे.