घड्याळाचा राप : खरा आणि केलेला

देवघरातील समई काळवंडली की ती चिंच लावून लख्ख घासावी, ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. जुनी वस्तू नव्यासारखी दिसावी यासाठी गृहिणी कष्ट घेते. परंतु मनगटी घड्याळांच्या शौकिनांमध्ये गेल्या काही दशकांत याच्या अगदी उलट प्रघात पडला आहे. कोरे करकरीत घड्याळ विकत आणावयाचे, ते उघडून त्याची तबकडी, काटे आणि काच वेगळी करावयाची, आणि पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या घड्याळाची कळा त्यावर मुद्दाम चढवावयाची, असा हा उद्योग आहे. जपानमध्ये, युरोपात, अमेरिकेत आणि हल्ली आपल्या देशातही या कलेचे उपासक आढळतात. हा निव्वळ छंद आहे, की यात काही लबाडीही आहे, हे ठरवावयाचे झाल्यास प्रथम घड्याळ जुने कसे होते, हे समजून घेणे अवश्य आहे.

उन्हातान्हात वावरलेल्या माणसाचा चेहरा रापतो; तसेच घड्याळही रापते. पण त्याचा प्रत्येक भाग आपापल्या परीने रापतो. तबकडीवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक रोगण असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रोगण पिवळसर पडते आणि काही रंग मुळातच कच्चे असल्याने काळी तबकडी कालांतराने चॉकलेटी होते. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत आत शिरलेली वाफ तबकडीवर बारीक ठिपके उठविते. पूर्वीच्या घड्याळांची काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची, मध्यभागी किंचित फुगीर असे. तिच्यावर केसासारखे ओरखडे पडतात. पाणबुड्यांसाठी बनविलेल्या घड्याळांच्या काचेभोवती एक फिरते कडे असते. त्यातील रंगीत अ‍ॅल्युमिनियमची चकती ऊन आणि समुद्राचे खारे पाणी लागून फिकी पडते. काळी असेल तर राखाडी होते, निळी असेल तर आभाळी होते.

तथापि जुन्या घड्याळाची खरी खूण म्हणजे काट्यांवरील व अंकांवरील अंधारात चमकणारा लेप. १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध लावला आणि पुढे थोड्याच वर्षांत ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांच्या तबकड्या रंगविण्यास सुरुवात झाली. रेडियममधून निघणारे किरण झिंक सल्फाइडवर आदळतात आणि त्यातून हिरवट उजेड पडतो. परंतु त्या अखंड माऱ्याने झिंक सल्फाइड काही दशकांत निकामी होते. लेप अंधारात चमकेनासा होतो आणि त्याचा रंग साईसारखा, मग मधासारखा, कधी कधी पार तपकिरी होतो. नव्या घड्याळाला हाच रंग आणण्यासाठी शौकिनांची सारी धडपड चाललेली असते.

या रंगामागे एक करुण इतिहास आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज या गावी एका कारखान्यात तरुण मुली तबकड्या रंगवीत असत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांनी ओला करण्यास त्यांना शिकविले गेले होते. त्या प्रत्येक स्पर्शाबरोबर रेडियम पोटात गेले. १९२० नंतरच्या दशकात त्यांच्यापैकी अनेकींची जबड्याची हाडे झडू लागली आणि कित्येकींना प्राण गमवावे लागले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोठे या धंद्यातील सुरक्षिततेचा विचार सुरू झाला. पुढे १९६० नंतरच्या दशकात रेडियमची जागा त्यामानाने सौम्य अशा ट्रिटियमने घेतली. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंस ‘टी’ हे अक्षर आढळले, तर ती ट्रिटियमची खूण समजावी. १९९३ साली जपानमध्ये स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेटचा निर्धोक लेप निघाला. तो दिव्याचा किंवा उन्हाचा प्रकाश पिऊन घेतो आणि रात्री परत देतो. आजच्या बहुतेक घड्याळांवर तोच असतो.

आता नव्या घड्याळास हा राप कसा आणतात ते पाहू. नवशिक्याने प्रथम स्वस्त आणि ज्याचे सुटे भाग मुबलक मिळतात असे घड्याळ निवडावे, हा या छंदातील पहिला नियम. १९९६ पासून २०१९ च्या सुमारापर्यंत निघत असलेले सेको कंपनीचे एसकेएक्स हे पाणबुड्यांचे घड्याळ या कामी फार लोकप्रिय झाले, ते याच कारणाने. झाकण उघडून, चावी ओढून काढून, यंत्र तबकडीसह बाहेर घ्यावयाचे. काटे उपटण्यासाठी बारीक तरफा मिळतात. तबकडीवर ओरखडा उठू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा पातळ कागद धरावा लागतो. यंत्र धूळ बसणार नाही अशा डबीत झाकून ठेवावे. पुढील सर्व प्रयोग सुट्या भागांवरच करावयाचे. रसायनाचा एक थेंबही यंत्राजवळ येता कामा नये.

लेपाला जुना रंग देण्यासाठी अनेक जण तबकडी व काटे कडक चहात किंवा कॉफीत बुडवून ठेवतात. रंग येतो हे खरे. परंतु स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेट ओलाव्याने बिघडते आणि लेपाची चमक मंदावते. जाणता कारागीर हा मार्ग घेत नाही. तो जुना लेप खरवडून काढतो, नव्या पुडीत पिवडी आणि किंचित तपकिरी रंग मिसळतो, ते मिश्रण रोगणात कालवितो आणि सुईच्या टोकाने एकेक थेंब अंकांवर सोडतो. रंग जितका अधिक, तितका उजेड कमी. म्हणून हात आखडता ठेवावा लागतो. येथे नवशिक्याची हमखास चूक होते. तो सर्व अंकांना आणि काट्यांना सारखाच, तोही नारिंगीकडे झुकणारा रंग देतो. खऱ्या जुन्या घड्याळात काटे आणि तबकडी पुष्कळदा वेगवेगळ्या ठिकाणी रंगविलेली असल्याने त्यांचा राप जुळतोच असे नाही. एखादा अंक अधिक काळवंडतो, एखाद्याचा कोपरा उडालेला असतो.

फिरत्या कड्यातील चकती फिकी करण्याची युक्ती रसायनशास्त्राची आहे. अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढवितात, त्या छिद्रांत रंग भरतात आणि मग छिद्रे बंद करतात. कपडे पांढरे करण्याचा क्लोरीनयुक्त ब्लीचचा द्राव हा थर हळूहळू उकलतो आणि आतील रंग नष्ट करतो. चकती साबणाने धुऊन, तेलकटपणा घालवून, पाणी मिसळलेल्या द्रावात थोडाच वेळ बुडवावी, काढून धुवावी, पाहावी, पुन्हा बुडवावी. घाई केली तर रंगाबरोबर आकडेही जातात. एका गोष्टीची मात्र कटाक्षाने काळजी घ्यावी. पुढे धातूसाठी व्हिनेगार वापरावयाचे असते. ब्लीच आणि व्हिनेगार एकत्र येऊ देता कामा नयेत, कारण त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही कामे वेगळ्या दिवशी, वेगळ्या भांड्यांत आणि उघड्या खिडकीपाशी करणेच शहाणपणाचे.

पोलादी पेटीवर राप चढत नाही. गंजरोधक पोलादातील क्रोमियम पृष्ठभागावर स्वतःचे अदृश्य कवच तयार करते. त्यामुळे तिच्या कडा थोड्या घासून बोथट करणे, एवढेच करता येते. परंतु ब्राँझच्या पेट्या हल्ली पुन्हा निघाल्या आहेत आणि तेथे मात्र रसिकतेला भरपूर वाव आहे. तांबे आणि कथील यांचा हा मिश्रधातू आपल्याकडील काशाच्याच कुळातला. मीठ आणि व्हिनेगार लावल्यास, किंवा अमोनियाच्या वाफेत ठेवल्यास, त्यावर हिरवानिळा थर येतो. एखादे नुकतेच उकडलेले अंडे कुस्करून त्याच्याबरोबर पेटी बंद डब्यात ठेवली, तर अंड्यातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने ती तपकिरी होते. हा राप न आवडल्यास लिंबाच्या रसाने किंवा चिंचेने निघून जातो. ब्राँझवरील प्रयोग म्हणून सर्वांत निर्धास्त. अशा घड्याळांचे मागील झाकण बहुधा पोलादाचे किंवा टायटेनियमचे असते, कारण ब्राँझ घामाने मनगटावर हिरवा डाग पाडते.

सर्वांत थोड्या श्रमात सर्वांत मोठा पालट घडवून आणणारी गोष्ट म्हणजे काच. सपाट काचेऐवजी फुगीर अ‍ॅक्रिलिकची काच बसविली आणि वापरून मऊ झालेला चामड्याचा पट्टा लावला, की अर्धे काम होते. मात्र घड्याळ पुन्हा बंद करताना रबरी कडी नवी घालावी आणि ते पाणी रोखते की नाही याची दाबयंत्रावर परीक्षा करून घ्यावी. ती करून घेतलेली नसेल, तर पाणबुड्याचे म्हणून मिरविले जाणारे ते घड्याळ नळाखाली हात धुतानाही जपावे लागेल.

ही हौस केवळ घरच्या कारागिरांपुरती राहिलेली नाही. मोठ्या स्विस कंपन्याही आपल्या जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढतात आणि त्यांच्या कोऱ्या लेपाला आरंभापासूनच मधाचा रंग देतात. लाँजीन कंपनीने २०१८ साली एका जुन्या सैनिकी घड्याळाची आवृत्ती काढली. तिच्या रुपेरी तबकडीवर जुनेपणाचे बारीक काळे ठिपके हाताने शिंपडलेले आहेत. यात कोणाची फसवणूक नाही. घेणाऱ्याला घड्याळ नवे आहे हे ठाऊक असते आणि पावतीवर तारीख असते.

वस्तूची पावती हरवली आणि सोंगच तेवढे उरले, म्हणजे प्रश्न उभा राहतो. जुन्या घड्याळांच्या बाजारात रापाला अवाढव्य किंमत येते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जिनीव्हा येथील लिलावात ओमेगा कंपनीचे एक स्पीडमास्टर घड्याळ ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकांना विकले गेले. १९५७ साली निघालेल्या पहिल्या नमुन्यांपैकी ते असल्याचे सांगितले जात होते आणि त्याची काळी तबकडी सुंदर तपकिरी झाली होती. विकत घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच होती. तिला ते आपल्या संग्रहालयासाठी हवे होते. २०२३ साली त्याच कंपनीने जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवून तयार केलेले आहे. ज्यांनी ते नाव शंभराहून अधिक वर्षे चालविले, त्यांच्या घरातही जेथे फसगत होते, तेथे सामान्य ग्राहकाची काय कथा!

आपल्या देशात ही फसगत उलट्या दिशेने चालते. हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूर येथे मनगटी घड्याळे बनविण्यास आरंभ केला. किल्लीची ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही घड्याळे अक्षरशः घरोघर पोहोचली. नोकरी लागली की घड्याळ, लग्न ठरले की घड्याळ, निवृत्तीच्या समारंभात पुन्हा घड्याळ, असा तो काळ होता. २०१६ मध्ये हा घड्याळ-व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला आणि जुन्या एचएमटीला एकदम मागणी आली. मग अनेक ठिकाणी जुन्या तबकड्या पुसून त्यांवर भडक निळे, लाल, हिरवे रंग छापण्यात येऊ लागले. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे नमुने ‘दुर्मीळ’ म्हणून विकले जातात. तेथे नव्याला जुने करतात, येथे जुन्याला नवे करतात. पण दोन्हीकडे नाहीशी होते ती एकच गोष्ट, त्या घड्याळाने स्वतः दिलेली साक्ष.

ही साक्ष वाचावयास थोडे शिकता येते. लेप तपकिरी आहे, पण दिवा मालवताच तो हिरवागार चमकतो, तर तो नवा आहे. तबकडी जीर्ण आणि अक्षरे मात्र ठसठशीत, किंवा अक्षरांच्या कडा फुटलेल्या, तर छपाई मागाहूनची आहे. ऊन लागल्याचा राप तबकडीवर आहे, पण काट्यांखाली सावलीची खूणच नाही, तर शंका घ्यावी. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, रेडियम अर्धे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. आजोबांच्या घड्याळाचा लेप चमकत नसला, तरी तो निर्जीव झालेला नाही. बंद घड्याळ जवळ बाळगण्यात फारसे भय नाही. पण ते घरी उघडून लेप खरवडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ती धूळ श्वासाबरोबर आत गेल्यास घातक ठरते.

तेव्हा ज्याला हौस आहे त्याने नवे, स्वस्तातले घड्याळ घ्यावे आणि खुशाल त्यावर पिवडी, ब्लीच आणि अंड्याचे प्रयोग करावेत. काढलेले मूळ भाग डबीत जपून ठेवावेत आणि घड्याळ दुसऱ्याच्या हाती जाईल त्या दिवशी काय काय केले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. एवढे पथ्य पाळले, तर हा छंद चित्रकलेइतका निर्मळ आहे. परंतु घरात वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ असेल, तर त्याला ना नवा रंग द्यावा, ना अधिक जुने करावे. जाणत्या कारागिराकडून यंत्र साफ करून, तेल घालून घ्यावे आणि तबकडीला हात लावू नये, असे त्याला बजावून सांगावे. तिच्यावरील डाग ज्या मनगटावर पडले, ते मनगट पुन्हा मिळावयाचे नाही.