पायातला काटा आणि साताऱ्याचे सिव्हिल सर्जन

नर्सिंगचा डिप्लोमा करताना आमच्या ट्यूटर ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवीत. त्यातली हाडांची, स्नायूंची चित्रे पाहत आम्ही शिकलो. या पुस्तकाची मूळ चित्रे काढणारा डॉक्टर आपल्या सातारा जिल्ह्यात नऊ वर्षे नोकरीला होता, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

हेन्री व्हॅनडाइक कार्टर. जन्म 1831, इंग्लंडमधील हल. पुस्तक 1858 मध्ये निघाले, त्यात त्यांची 363 चित्रे. मजकूर लिहिणाऱ्या ग्रे यांना विक्रीवर रॉयल्टी, कार्टरना एकरकमी दीडशे पौंड. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्याकडे कुणाला नवा नाही! त्याच वर्षी ते कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत मुंबईला आले. ही सेवा मुळात फौजेची. डॉक्टर लष्करी हुद्द्याचा, पण लढाई नसली की सिव्हिल दवाखाना किंवा मेडिकल कॉलेज सांभाळायचा. कार्टरनी ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली, जे. जे. रुग्णालयात काम केले आणि 1863 ते 1872 साताऱ्याचे सिव्हिल सर्जन म्हणून काढली.

त्यांचे लक्ष पायांकडे गेले. अनवाणी माणसाला काटा टोचतो, तिथे गाठ येते, दुखत नाही म्हणून तो काम करत राहतो. वर्षानुवर्षे पाय सुजतो, छिद्रे पडतात आणि पुवाबरोबर खसखशीसारखे दाणे बाहेर येतात. ‘मदुरा फूट’ म्हणून ओळखला जाणारा हा आजार बुरशीमुळे होतो, असे कार्टरनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले आणि 1860 मध्ये त्याला ‘मायसेटोमा’ नाव दिले. 1874 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेव्हा उपाय एकच, पाय कापणे. पाय गेलेल्या शेतमजुराच्या घरात चूल कशी पेटत असेल, याचा विचार मला पुस्तकापेक्षा जास्त छळतो.

आज आपल्याला माहीत आहे की हा आजार बुरशीने होतो तसा जिवाणूंनीही होतो, आणि दोन्हींची औषधे वेगळी आहेत. म्हणून दाणे तपासणे महत्त्वाचे. लोणंदजवळच्या एका मावशी कांद्याच्या शेतात रोजाने जातात. एका दवाखान्यात त्यांच्या पायाला दोनदा चिरा देऊन पू काढला, पण दाणे तपासायला पाठवलेच नाहीत. दोन वर्षे गेली. शेवटी मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला, तर आजार जिवाणूंचा निघाला. कित्येक महिने गोळ्या-इंजेक्शने घ्यावी लागली, पण पाय वाचला. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये मायसेटोमाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. दुर्लक्षित कोण, आजार की माणसे, ते वाचकांनीच ठरवावे.

कुष्ठरोगावर मात्र माझे कार्टरशी जमत नाही. अभ्यास दांडगा, त्यासाठी ते नॉर्वेपर्यंत गेले. पण परतल्यावर रुग्णांना वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. 1897 मध्ये ते क्षयाने वारले, आणि 1898 मध्ये सरकारने निराधार कुष्ठरुग्णांना डांबण्याचा कायदा केला. ऐपतवाल्यांना नव्हे, निराधारांना! तो रद्द व्हायला 2016 उजाडले. माणसाला वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांच्या मोफत औषधांनी बरा होतो आणि उपचार सुरू होताच संसर्गाची भीती झपाट्याने कमी होते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आणि रात्री पाय धुताना तळवा उजेडात बघा. न दुखणारी गाठ असेल तर ती घरी फोडू नका, चुना-हळद भरू नका. दाणे दिसले तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा आणि तपासणीचा आग्रह धरा. मावशींच्या प्रकारानंतर आमच्या बचत गटाने सात जोड बंद बूट आणले. पाच वापरात आहेत. दोन अजून खोक्यातच आहेत, कारण भिजल्या रानात ते जड होतात, असे बायका म्हणतात.