उष्ण हवामानातील फुलबाग

उष्ण हवामानातील फुलबाग म्हणजे वर्षातील अनेक महिने कडक ऊन असणाऱ्या प्रदेशात घराचे अंगण, परस, गच्ची किंवा सज्जा येथे रंगीत फुलांसाठी केलेली लागवड होय. भारताचा बहुतेक सखल व पठारी भाग अशा हवामानाचा आहे. महाराष्ट्रात चंद्रपूर व नागपूर येथे मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. कोकण आणि गोव्यात तापमान त्या मानाने कमी असले, तरी हवेतील आर्द्रता जास्त असते. ज्या महिन्यांत बागेला सर्वाधिक पाणी लागते, त्याच महिन्यांत अनेक गावांत व शहरांत पिण्याच्या पाण्याची टंचाई असते. त्यामुळे अशा बागेचे यश भरपूर पाण्यापेक्षा वनस्पतीची निवड, लागवडीचा हंगाम आणि पाणी देण्याची रीत यांवर अधिक अवलंबून असते.

उष्णतेचा वनस्पतींवरील परिणाम

वनस्पती पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर टाकतात. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. तिच्यामुळे पाने थंड राहतात. भर दुपारी मुळांनी शोषलेले पाणी या खर्चाला पुरे पडत नाही, तेव्हा रंध्रे मिटू लागतात आणि पाने माना टाकतात. माती ओलसर असेल, तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाने पुन्हा ताठ होतात. ही तात्पुरती म्लानी होय. ती पाहून ओल्याच मातीत पुनःपुन्हा पाणी घातल्यास मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. कुजलेल्या मुळांचे झाडही कोमेजलेलेच दिसते, त्यामुळे आणखी पाणी दिले जाते आणि झाड दगावते. पहाटेही कोमेजलेले असणारे झाड मात्र खरोखर संकटात असते. ते कोरडेपणामुळे कोमेजले आहे की मुळे कुजल्यामुळे, हे एक-दोन इंच खोल माती बोटाने तपासून ठरवता येते.

उष्णतेचा परिणाम फुलांच्या रंगावरही होतो. गुलाब, शेवंती इत्यादींचा लाल व जांभळा रंग अँथोसायनिन गटातील रंगद्रव्यांमुळे येतो. तापमान फार वाढल्यास या द्रव्यांची निर्मिती घटते, म्हणून उन्हाळ्यातील गुलाब हिवाळ्यातील गुलाबापेक्षा फिकट व लहान असतो. बोगनवेल, गुलबक्षी, चिनी गुलाब व गोम्फ्रेना यांचे रंग बीटालेन या निराळ्या गटातील द्रव्यांचे असतात. बीट या कंदाचा लाल रंगही याच गटातील आहे. हे दोन्ही गट एकाच वनस्पतीत एकत्र आढळत नाहीत.

वनस्पतींची निवड

उष्णतेत फुलणाऱ्या वनस्पतींपैकी अनेक मूळच्या उष्ण किंवा कोरड्या प्रदेशांतील आहेत.

बोगनवेल : मूळची दक्षिण अमेरिकेतील वेल. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों यांना ती १७६७ मध्ये रिओ दि जानेरो येथे आढळली. त्यांच्या सागरी मोहिमेचे प्रमुख लुई आंत्वान द बुगेनव्हिल यांच्यावरून तिला नाव मिळाले. तिचा रंगीत भाग पाकळ्यांचा नसून सहपत्रांचा असतो. खरी फुले लहान, पांढरट व नळीसारखी असून सहपत्रांच्या मध्यभागी असतात. मातीला थोडा ताण दिल्यास ती बहरते. सतत पाणी व नत्र मिळाल्यास पाने वाढतात आणि फुले कमी येतात.

सदाफुली : मूळची मादागास्करमधील. पांढरी, गुलाबी व लाल फुले जवळजवळ वर्षभर येतात. विनक्रिस्टीन व विनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे हिच्यातील अल्कलॉइडे होत. पाण्याचा निचरा नसल्यास पावसाळ्यात मूळकूज होते.

चिनी गुलाब : दक्षिण अमेरिकेतील मांसल पानांची, जमिनीलगत पसरणारी वनस्पती. फुले उन्हात उमलतात व ढगाळ दिवशी मिटलेली राहतात. ज्वारी, मका व ऊस यांच्याप्रमाणे तिचे प्रकाशसंश्लेषण ‘सी-४’ प्रकारचे असते. त्यामुळे तीव्र उन्हात ती पाण्याचा काटकसरीने वापर करते. उथळ कुंडी तिला पुरते.

झिनिया : मूळची मेक्सिकोतील. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योहान गॉटफ्रीड त्सिन यांच्यावरून हिचे नाव पडले. बी थेट जागेवर पेरतात. रोपे दाट असल्यास भुरी रोग पडतो.

जास्वंद : प्रत्येक फूल साधारणतः एकच दिवस टिकते, परंतु कळ्या सतत येत राहतात. पाण्याच्या अनियमिततेमुळे कळ्या गळतात. पिठ्या ढेकूण ही हिच्यावरील नेहमीची कीड होय.

अबोली आणि कोरांटी : या भारतातील मूळ वनस्पती आहेत. अबोली दक्षिण भारत व श्रीलंकेतील असून कोकण आणि गोव्यात तिच्या केशरी फुलांच्या वेण्या व गजरे करतात. तिला दुपारची सावली मानवते. पिवळी कोरांटी काटेरी असून कुंपणासही लावतात.

हंगाम

महाराष्ट्रात फुलझाडांची लागवड सामान्यतः तीन हंगामांत विभागली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झिनिया, गोम्फ्रेना, सूर्यफूल यांचे बी पेरतात व चिनी गुलाबाच्या फांद्या लावतात, म्हणजे तीव्र उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात. मृगाच्या पावसानंतर तेरडा, गुलबक्षी, कॉसमॉस व झेंडू लावतात. दसऱ्याला फुले हवी असल्यास झेंडूचे बी सामान्यतः जुलैत पेरले जाते. गौरीच्या सणाशी जोडलेला तेरडा पावसाळी वनस्पती आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ या म्हणीतून त्याच्या फुलांचा अल्पकाळ सूचित होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिटुनिया, पॅन्सी, डॉगफ्लॉवर ही थंड हवेची फुलझाडे लावतात. उष्णता वाढताच त्यांचे आयुष्य संपते. एप्रिलमध्ये ती जगवण्यासाठी खर्च केलेले पाणी सहसा वाया जाते.

माती व कुंड्या

काळ्या मातीत ओलावा टिकतो, पण पावसाळ्यात निचरा मंद असतो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. कोकणातील जांभ्या मातीत निचरा चांगला, मात्र अन्नद्रव्ये कमी असतात. दोन्ही मातींना कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळल्याने लाभ होतो. कुंडीसाठी मातीत खत व निचऱ्यासाठी जाडसर वाळू घालतात.

मातीच्या कुंडीच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपून बाष्प होते, त्यामुळे मुळे थंड राहतात, परंतु पाणी अधिक वेळा द्यावे लागते. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हात लवकर तापतात. त्या पांढऱ्या रंगाने रंगवल्यास किंवा एकमेकींना लागून ठेवल्यास तापण्याचे प्रमाण कमी होते. पश्चिमेकडील भिंत दुपारी तापून रात्री उष्णता बाहेर टाकते, म्हणून कोवळी रोपे तिच्यापासून दूर ठेवतात.

एक घनफूट ओल्या मातीचे वजन सुमारे ४० ते ५० किलोग्रॅम भरते. गच्चीवर मोठे वाफे करण्यापूर्वी इमारतीची भारक्षमता आणि जलरोधन यांचा विचार आवश्यक असतो.

पाणी व आच्छादन

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर देणे योग्य मानले जाते. दुपारी दिलेल्या पाण्याचा बराच भाग बाष्पीभवनाने जातो, तर रात्री पाने ओली राहिल्यास बुरशीजन्य रोगांना वाव मिळतो. जमिनीतील झाडांना रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर पाणी दिल्यास मुळे खाली वाढतात. वरवरच्या पाण्याने ती तापणाऱ्या थरातच राहतात. लहान कुंड्यांना मात्र मे महिन्यात रोज पाणी लागू शकते.

मातीवर पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाचा काथ्या यांचा दोन-तीन इंचांचा थर दिल्यास बाष्पीभवन घटते. हा थर खोडाला चिकटू देत नाहीत. झाडाशेजारी सच्छिद्र मडके पुरून त्यात पाणी भरण्याची मटका सिंचन ही पद्धत काही दिवस घर बंद असतानाही उपयोगी पडते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी बागेत वापरता येते, मात्र मीठ किंवा तीव्र धुलाईद्रव्ये असलेले पाणी टाळतात. कोरड्या मातीत, भर उन्हाळ्यात रासायनिक खत दिल्यास क्षारांमुळे मुळांना इजा होते.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात एडिस डासांची पैदास होते. हे डास डेंग्यूचा प्रसार करतात. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या करणे गरजेचे असते.

सुरक्षितता व पर्यावरण

उष्णता सहज सोसणाऱ्या काही शोभेच्या वनस्पती विषारी आहेत. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असून पिवळ्या कण्हेरीच्या (बिट्टी) बियांनी हृदयाच्या ठोक्यांवर घातक परिणाम होतो. सदाफुलीही पोटात गेल्यास अपायकारक असते. लहान मुले किंवा पाळीव जनावरे असलेल्या घरी अशा झाडांची जागा विचारपूर्वक निवडावी लागते.

घाणेरी ही अमेरिकेतील वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आणली गेली. आज ती देशातील अनेक जंगलांत पसरली असून स्थानिक वनस्पतींची जागा व्यापते. कमी पाण्यावर वाढणे आणि भरपूर बी धरणे हे बागेत सोयीचे वाटणारे गुण बागेबाहेर उपद्रवी ठरू शकतात. त्यामुळे डोंगर किंवा वनक्षेत्रालगतच्या घरांत अबोली, कोरांटी, तेरडा यांसारख्या देशी फुलझाडांना प्राधान्य देणे आणि परदेशी झाडांची वाळलेली फुले बी गळण्यापूर्वी काढणे हितावह असते.